पगारी न झालेला क्लब : हार्लेमच्या कोनिंक्लेके एचएफसीचा इतिहास

डावा_हाफ (धागाकर्ता)

हा धागा नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या कोनिंक्लेके एचएफसी या फुटबॉल क्लबबद्दल आहे, एचएफसी हार्लेमबद्दल नाही. दोन्ही क्लब एकाच गावचे, आद्याक्षरंही तीच. नेटवरच्या बऱ्याच लेखांत या दोघांची खिचडी झालेली दिसते, म्हणून हे आधी निस्तरून घेऊ.

कोनिंक्लेके एचएफसी : स्थापना १५ सप्टेंबर १८७९. संस्थापक पिम मुलिर. व्यावसायिक फुटबॉलचा परवाना कधीच घेतला नाही. क्लब आजही चालू आहे, मैदान स्पान्यार्ड्सलान या रस्त्यावर.

एचएफसी हार्लेम : स्थापना १८८९. १९४६ चा राष्ट्रीय विजेता. १९५४ नंतर व्यावसायिक. रूड गुलिटने १९७९ मध्ये व्यावसायिक खेळाला सुरुवात केली ती इथे. २० ऑक्टोबर १९८२ ला मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये स्पार्टाकविरुद्धच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, त्या सामन्यातला पाहुणा संघ हाच. जानेवारी २०१० मध्ये याचं दिवाळं निघालं.

म्हणजे 'एचएफसीचा माजी खेळाडू गुलिट' असं वाक्य दिसलं की तो लेख बाजूला ठेवायचा.

आता आपला एचएफसी. पिम मुलिरचा जन्म १० मार्च १८६५ चा, फ्रीसलांडमधल्या विटमार्सुम गावातला. क्लब काढला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सुरुवातीला ही पोरं रग्बी खेळत. जागा होती हार्लेमरहाउट या जुन्या राईला लागून असलेली कूकाम्प, म्हणजे गाईंचं कुरण. १८८३ मध्ये रग्बी सोडून असोसिएशन नियमांचा फुटबॉल सुरू केला. कारण नेहमी सांगतात ते असं की रग्बी फार दांडगाईची होती. १८९९ मध्ये क्लब स्पान्यार्ड्सलानला आला आणि तिथेच राहिला. 'कोनिंक्लेके' ही राजघराण्याकडून मिळालेली उपाधी आहे आणि ती पुष्कळ नंतरची. १९०४ च्या बातमीत 'कोनिंक्लेके एचएफसी' शोधत बसलात तर काही सापडणार नाही.

मुलिर क्लबपुरता थांबला नाही. ८ डिसेंबर १८८९ ला स्थापन झालेला राष्ट्रीय फुटबॉल महासंघ (आजचा केएनव्हीबी) हे त्याचंच काम. त्या महासंघाच्या नावात तेव्हा फुटबॉलबरोबर अ‍ॅथलेटिक्सही होतं. फ्रीसलांडच्या अकरा गावांतून जाणारी बर्फावरची स्केटिंग यात्रा आणि नाइमेखनची चार दिवसांची पदयात्रा, या दोन्हींच्या सुरुवातीच्या इतिहासातही तो आहे. हार्लेममधलं त्याच्या नावाचं स्टेडियम मात्र बेसबॉलचं आहे.

धाग्यात तारखा, नियम, स्पर्धांचे दर्जे, कागदपत्रं येऊ द्या. 'चौदा वर्षांच्या मुलाने इतिहास घडवला' छापाचा मजकूर व्हॉट्सॅपवर पुरेसा आहे.

---

मोरपंखी

वाचतेय. एक शंका. १८८३ पर्यंत रग्बीच होती, तर '१८७९ पासूनचा देशातला सर्वात जुना फुटबॉल क्लब' हे बिरुद कशाच्या जोरावर?

---

आडवाटेचा

मोरपंखी, शंका रास्त आहे. डच क्रीडा इतिहासकारांचेही यावर वाद झाले आहेत. दोन गोष्टी वेगळ्या धरा : संस्था कधी सुरू झाली आणि ती संस्था कोणता खेळ कधीपासून खेळायला लागली.

एचएफसीचा दावा संस्थेच्या वयाचा आहे. पण तोच निकष सगळ्यांना लावला तर देवेंटरचा उटिले दुल्ची पुढे जातो. तो १८७५ चा, पण क्रिकेट क्लब म्हणून. फुटबॉल त्यांनी १८९४ च्या सुमारास घेतला. उलट 'असोसिएशन फुटबॉल कधीपासून' हा निकष लावला तर एचएफसी १८७९ वरून १८८३ वर येतो, तरीही बहुतेकांच्या आधीच राहतो. हेगचा एचव्हीव्हीसुद्धा १८८३ चाच. रॉटरडॅमचा स्पार्टा १ एप्रिल १८८८ चा आणि तोही क्रिकेटसाठी निघालेला. आजच्या व्यावसायिक क्लबांत सर्वात जुना म्हणून त्याचं नाव घेतात, ते बरोबर आहे. 'व्यावसायिक' हा शब्द गाळला की वाक्य खोटं होतं.

दुसरं म्हणजे १८७९ या तारखेमागे मोठा आधार आहे तो खुद्द मुलिरच्या नंतरच्या लिखाणाचा. संस्थापक, संपादक, संघटक आणि इतिहासकार अशा चारही खुर्च्यांवर एकच माणूस बसला की पुढच्यांनी दुसरा साक्षीदार शोधायलाच हवा. क्लबच्या वर्धापनदिनासाठी १८७९ वापरायला हरकत नाही. फुटबॉलच्या आगमनाची तारीख म्हणून वापरू नये.

---

गुगली

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. एवढे फुटबॉल क्लब क्रिकेटच्या पोटातून का निघाले? कारण साधं आहे. दोन्ही खेळ इंग्लंडहून एकाच वर्गात आले. शिकलेली, खात्यापित्या घरची मुलं, ज्यांना इंग्रजी येत होतं आणि आयात केलेली बॅट-बॉल परवडत होती. क्रिकेट उन्हाळ्याचं. सप्टेंबर ते एप्रिल मैदान रिकामं आणि सभासदही रिकामे, मग तेच अकरा जण फुटबॉल खेळत. त्यामुळे जुन्या क्लबच्या दप्तरात एकच खजिनदार दोन्ही खेळांचे हिशेब ठेवताना दिसतो.

याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. आम्स्टरडॅमचा आरएपी हा १८९० च्या दशकातला दादा क्लब. १८९२, १८९४ आणि पुढे १८९७ ते १८९९ सलग तीन, अशी पाच विजेतेपदं. १८९९ मध्ये पहिला डच करंडकही त्यांनीच जिंकला, अंतिम सामन्यात एचव्हीव्हीला १-० हरवून. १९०० मध्ये ब्रसेल्सला अनेक देशांच्या क्लबांची स्पर्धा झाली, तीही आरएपीची. मग हा क्लब गेला कुठे? १९१४ मध्ये फोलहार्डिंग, आरएपी आणि आम्स्टेल्स एकत्र आले आणि त्याचा व्हीआरए झाला. फुटबॉल मागे पडला, क्रिकेट उरलं.

हे व्हीआरए म्हणजे आम्स्टेलवेनचं तेच मैदान, जिथे ऑगस्ट २००४ मध्ये भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या व्हिडिओकॉन करंडक तिरंगी मालिकेतले साखळी सामने पावसात वाहून गेले. भारताचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना निकालाविना, पाकिस्तानकडून ६६ धावांनी हार, संपलं. १९९९ च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका–केनिया सामनाही तिथलाच. ज्या क्लबच्या नावातल्या 'आर'मध्ये डच फुटबॉलची पाच विजेतेपदं दडलेली आहेत, त्याला आपण फक्त क्रिकेटसाठी ओळखतो.

---

डावा_हाफ

गुगली, झकास. आता एचएफसीच्या विजेतेपदांकडे.

राष्ट्रीय विजेतेपदं तीन : १८८९-९०, १८९२-९३, १८९४-९५. करंडक तीन : १९०४, १९१३, १९१५. १९०४ चा अंतिम सामना एचव्हीव्हीशी, ३-१. १९१३ चा दोर्द्रेख्तच्या डीएफसीशी, ४-१. १९१५ चा हेगच्या एचबीएसशी, १-०.

या आकड्यांकडे आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर घोटाळा होतो. १८९० च्या आसपासची 'राष्ट्रीय' स्पर्धा म्हणजे पश्चिमेकडचे मूठभर क्लब : आम्स्टरडॅम, हार्लेम, हेग, रॉटरडॅम. सगळ्यांचे सामने सारखे व्हायचेच असं नाही. मैदान बर्फाखाली गेलं, समोरचा संघ आलाच नाही, आगगाडी चुकली, की सामना राहिला तो राहिला. म्हणून त्या काळच्या गुणतक्त्यात एका क्लबचे खेळलेले सामने दुसऱ्यापेक्षा कमी दिसले तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता एकमेकांशी खेळून राष्ट्रीय विजेता ठरवायचे, ही पद्धत १८९७-९८ पासूनची. तेव्हा आरएपी आणि आर्नहेमचा फिटेसे समोरासमोर आले होते. त्याआधीच्या विजेत्यांना 'अनधिकृत' म्हणणारे तक्ते यासाठीच तसं म्हणतात.

१९०४ च्या करंडकात एचएफसीने व्हीव्हीए संघाला २५-० हरवलं. हा त्या स्पर्धेतला आजवरचा सर्वात मोठा विजय. आकडा ऐकायला भारी आहे, पण त्यावरून एचएफसी किती बलाढ्य होता यापेक्षा सोडतीत दर्जांची चाळणी कशी नव्हती हेच जास्त कळतं.

---

शिट्टी

जुने सामन्यांचे वृत्तांत वाचणाऱ्यांसाठी नियमांचा पट मांडतो. हा हाताशी नसला की वृत्तांत चुकीचा वाचला जातो.

आडवा खांब सक्तीचा झाला १८८२ मध्ये. त्याआधी दोन खांबांमध्ये फीत बांधलेली असे, त्यामुळे 'चेंडू वरून गेला की खालून' हे भांडण नेहमीचं. पेनल्टी किक आली १८९१ मध्ये, पण आजच्यासारखा ठिपका नव्हता. गोलरेषेपासून १२ यार्डांवरच्या रेषेवर कुठूनही मारता येई. आजचा पेनल्टी चौकोन १९०२ चा. पंच मैदानात आला तोही १८९१ मध्येच. त्याआधी दोन्ही संघांचा एकेक अंपायर असे आणि त्यांचं जमलं नाही तर बाहेरच्या पंचाकडे दाद मागत. म्हणून १८८० च्या दशकातल्या बातमीत 'गोल अमान्य, कारण अंपायरांचं एकमत झालं नाही' असलं काही वाचलं तर गोंधळू नये.

१९१२ पर्यंत गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने अडवू शकत असे. १९२५ पर्यंत ऑफसाइड ठरू नये म्हणून पुढे प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू लागत, नंतर दोन. १९२५-२६ नंतर गोलांचा आकडा एकदम फुगलेला दिसतो तो यामुळे. नवा फॉरवर्ड आला म्हणून नाही.

रचना दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. डच वृत्तांतांत पहिल्या महायुद्धापर्यंत तरी गोल, कीपर, बॅक, हाफ, कॉर्नर, फ्री किक हे इंग्रजी शब्दच सर्रास आहेत. चेंडू चामड्याचा, आत रबरी फुगा, बाहेर नाडी. घेर २७ ते २८ इंच. वजन १९३७ पासून १४ ते १६ औंस, त्याआधी थोडं कमी. हे वजन सामना सुरू होतानाचं, कोरड्या चेंडूचं. डच हिवाळ्यातल्या चिखलात चामडं पाणी पितं आणि उत्तरार्धात चेंडू उचलून मारणं अवघड होतं. वृत्तांतात उत्तरार्धात 'खालून खेळ' वाढलेला दिसतो तो डावपेच कमी आणि चेंडूचं ओझं जास्त.

---

मोरपंखी

शिट्टी, हे छापून ठेवतेय. पुढचा प्रश्न : डच क्लबांच्या नावापुढे 'शनिवार' किंवा 'रविवार' असं लिहिलेलं असतं. ते काय प्रकरण आहे?

---

आडवाटेचा

हे कळल्याशिवाय हौशी डच फुटबॉलचा इतिहास कळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

विसाव्या शतकात बराच काळ डच समाज धर्म आणि विचारसरणीप्रमाणे उभा चिरलेला होता. कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी : ज्याची त्याची शाळा, वर्तमानपत्र, रेडिओ, कामगार संघटना आणि फुटबॉल क्लबही. कडव्या सुधारित पंथाच्या प्रोटेस्टंटांना रविवारी खेळणं मान्य नव्हतं. कॅथलिकांना रविवार चालायचा, चर्च आटोपून या म्हणजे झालं. त्यामुळे कॅथलिक क्लब रविवारी, कडवे प्रोटेस्टंट शनिवारी आणि एचएफसीसारखे जुने 'तटस्थ' क्लब रविवारी, अशी वाटणी झाली. शनिवारी दुपारी मोकळं व्हायला कामगाराला अर्ध्या दिवसाची सुट्टी लागते, ती सगळ्यांना सुरुवातीला नव्हती. शनिवारचा फुटबॉल उशिरा वाढला त्याचं एक कारण हे.

नावांवरून बरंच ओळखता येतं. सुरुवातीला आर-के असलं तर रोमन कॅथलिक. सी असलं तर बहुधा ख्रिस्ती, म्हणजे प्रोटेस्टंट. नुसतं व्ही-व्ही म्हणजे फुटबॉल संघटना, एस-व्ही म्हणजे क्रीडा संघटना. त्यावरून काहीच कळत नाही.

कॅथलिकांचा वेगळा राष्ट्रीय महासंघ होता, प्रोटेस्टंटांचा वेगळा, कामगारांचा वेगळा. १९४० मध्ये जर्मन ताब्यात सगळे एकाच महासंघात ढकलले गेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा फुटले नाहीत. याचा फटका आकडेवारीला बसतो. १९४० आधीच्या कॅथलिक क्लबची कामगिरी केएनव्हीबीच्या तक्त्यांत नसते, कारण तो क्लब त्या स्पर्धेत नव्हताच. 'क्लब १९४० मध्ये एकदम उगवला' असं वाटलं तर आधी दुसऱ्या महासंघाचे तक्ते पाहा.

शनिवारच्या क्लबांना हलकं समजू नये. स्पाकेनबर्ग या मासेमारीच्या गावात शेजारी-शेजारी दोन क्लब आहेत, स्पाकेनबर्ग (१९३१) आणि आयसेलमेरफोखेल्स (१९३२). १९७४-७५ मध्ये आयसेलमेरफोखेल्सने राष्ट्रीय करंडकाची उपांत्य फेरी गाठली, हौशी क्लबने पहिल्यांदाच. त्या वर्षी देशातला सर्वोत्तम क्रीडासंघ म्हणून त्यांची निवड झाली. क्रायफच्या पिढीच्या ऐन बहरात, आणि निवडला गेला एका कोळीगावचा हौशी संघ!

---

टाचणी

१९५४ कोणी सांगितलेलं दिसत नाही. त्याशिवाय 'हौशी' या शब्दाला अर्थच नाही, म्हणून टाकतेय.

१९५४ पर्यंत नेदरलँड्समध्ये सगळेच अधिकृतपणे हौशी होते. पैसे घेतले की बंदी. चांगले खेळाडू फ्रान्स, इटलीला जात आणि राष्ट्रीय संघाला मुकत. १ फेब्रुवारी १९५३ ला समुद्राचे बांध फुटून झीलंडमध्ये महापूर आला, १८३६ माणसं गेली. पूरग्रस्तांसाठी १२ मार्चला पॅरिसमध्ये या 'बंदीवाल्या' डच खेळाडूंनी फ्रान्सच्या संघाशी सामना खेळला आणि २-१ जिंकला. केएनव्हीबीची अडचण झाली, कारण लोकांनी तो संघ आपला मानला. १९५४ च्या उन्हाळ्यात केएनव्हीबीबाहेर वेगळी व्यावसायिक स्पर्धाच सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये दोघांचं मनोमिलन होऊन पगारी फुटबॉल अधिकृत झाला.

इथे प्रत्येक क्लबला ठरवावं लागलं. हार्लेम परिसराचं उदाहरण चांगलं आहे, कारण चार क्लबांत तीन वेगळे मार्ग दिसतात. एचएफसी हार्लेम व्यावसायिक झाला आणि २०१० मध्ये बुडाला. आरसीएच (१९२३ आणि १९५३ चा राष्ट्रीय विजेता, म्हणजे पगारी फुटबॉलच्या उंबरठ्यावरचा) आणि इडीओ हे दोघंही पगारी फुटबॉलमध्ये गेले आणि काही वर्षांनी हौशी पायरीवर परतले. आपला एचएफसी गेलाच नाही. तोवर तो अव्वल राहिलाही नव्हता, त्यामुळे याला नुसता त्याग म्हणू नये. पण ज्या क्लबकडे जुनं मैदान, भरपूर सभासद आणि कर्ज नाही अशी स्थिती असते, त्याला पगारी फुटबॉलचा जुगार खेळण्याचं कारणही नसतं.

आता पायऱ्यांची नावं. हा भाग सगळ्यांना चकवतो :

१९५६ – एरेडिव्हिजी, एर्स्टे डिव्हिजी आणि ट्वेडे डिव्हिजी. तिन्ही पगारी.
१९७१ – ट्वेडे डिव्हिजी बंद. काही वर गेले, बाकीचे हौशींत आले.
१९७४ – हौशींचा सर्वोच्च दर्जा म्हणून होफ्डक्लासे.
२०१० – त्यावर टॉपक्लासे, शनिवारचा गट वेगळा, रविवारचा वेगळा.
२०१६ – नवी ट्वेडे डिव्हिजी. १८ संघ, शनिवार-रविवारवाले एकाच गटात. कोनिंक्लेके एचएफसी पहिल्या हंगामापासून यात.
२०२२ – होफ्डक्लासेचं नाव फिअर्डे डिव्हिजी.

म्हणजे 'ट्वेडे डिव्हिजीत खेळला' हे वाक्य १९६० चं असेल तर क्लब पगारी, २०१६ नंतरचं असेल तर हौशी पिरॅमिडच्या टोकावरचा. तसंच जुना 'एर्स्टे क्लासे' १९५० मध्ये देशातला सर्वोच्च दर्जा होता आणि आज तोच शब्द किती तरी पायऱ्या खाली आहे. वर्ष न लिहिता दर्जा लिहू नये.

---

गुगली

टाचणीताई, तक्ता मस्त. एचएफसीचे नावाजलेले खेळाडू कोण?

---

टाचणी

दोन नावं पुरेत, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

मान्नेस फ्रांकेन. जन्म डच ईस्ट इंडीजमधला, जावाचा. एचएफसीचा फॉरवर्ड. पहिल्या महायुद्धाआधी राष्ट्रीय संघाकडून २२ सामने, १७ गोल. वसाहतीत जन्मलेली, शिकायला मायदेशी आलेली मुलं त्या काळच्या अशा क्लबांत हटकून असत.

गेयुस फान देर म्यूलेन. गोलकीपर. राष्ट्रीय संघाकडून ५४ सामने, १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्येही. व्यवसायाने लहान मुलांचा डॉक्टर. युद्धात डच नाझी पक्षाच्या बाजूने गेला, वाफेन-एसएसमध्ये डॉक्टर म्हणून काम केलं आणि युद्धानंतर शिक्षा झाली.

दुसऱ्या नावामुळे एक गोष्ट सांगायला हवी. डच क्लबांच्या जुन्या जयंतीग्रंथांत १९४०-४५ हा काळ दोन पानांत उरकलेला असतो : सायकली जप्त झाल्या, गोलचे खांब सरपणाला गेले, मग मुक्ती. सप्टेंबर १९४१ मध्ये ज्यूंना क्रीडामैदानांवर बंदी झाली, त्या वेळी क्लबच्या सभासद यादीतून कोणती नावं गळाली हे त्या दोन पानांत नसतं. ते शोधायचं तर १९४० ची आणि १९४२ ची सभासद यादी शेजारी ठेवून नाव-नाव ताडून पाहावं लागतं. नुसता एकूण आकडा पाहून उपयोग नाही, कारण त्याच काळात नवे सभासदही येत होते.

---

कागदवाला

बरेच जण 'शोधायचं कसं' विचारतात. कोणत्याही डच हौशी क्लबला लागू पडेल असा क्रम देतो.

आधी स्थापनेच्या तारखा गोळा करा, अनेकवचनात. क्लब सांगतो ती तारीख, राष्ट्रीय महासंघात दाखल झाल्याची तारीख आणि नियमावलीला राजाची मान्यता मिळाल्याची तारीख. तिसरी का? १८५५ च्या कायद्याप्रमाणे संघटनेला कायदेशीर व्यक्तित्व हवं असेल तर नियमावली राजमान्य करून घ्यावी लागे आणि ती सरकारी राजपत्रात छापली जाई. ही पद्धत १९७६ पर्यंत होती, नंतर नोटरीचा दस्त. त्यामुळे राजपत्रात नियमावली, उद्दिष्ट, सभासदत्वाच्या अटी आणि पहिल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या सापडू शकतात. यात नेहमी होणारी गफलत म्हणजे लेटरहेडवरचं 'राजमान्य' आणि नावापुढचं 'कोनिंक्लेके' एकच समजणं. पहिलं कुठल्याही भजनी मंडळालाही मिळे, दुसरी उपाधी आहे.

मग वर्तमानपत्रं. राष्ट्रीय ग्रंथालयाचं डेल्फर हे संकेतस्थळ फुकट आहे. शोधताना :

क्लबचं नाव जुन्या वर्णलेखनात टाका. १९४७ च्या सुधारणेआधी 'हार्लेमसे' नाही, शेवटी 'एस-सी-एच-ई' असलेलं लेखन. नव्या लेखनाने १८९० मध्ये काही मिळत नाही.
आद्याक्षरं तिन्ही प्रकारे टाका : सलग, टिंबं देऊन, टिंब आणि मोकळी जागा देऊन. यंत्राने वाचलेल्या मजकुरात एच चा एन आणि सी चा ओ किंवा जी झालेला असतो.
नुसत्या नावाऐवजी प्रतिस्पर्धी आणि वर्ष यांची जोडी टाका. एचएफसी एकट्याने टाकलं तर दोन्ही एचएफसी येतात. सोबत एचव्हीव्ही किंवा आरएपी टाकलं की जाळं आवळतं.
रविवारच्या सामन्यासाठी सोमवार-मंगळवारचे अंक उघडा. स्थानिक पत्रात संघ छापलेला मिळतो, राष्ट्रीय पत्रात बहुधा फक्त निकाल.

हार्लेमसाठी नूर्ड-होलांड अभिलेखागार हार्लेममध्येच आहे, स्थानिक वर्तमानपत्रं आणि नगरपालिकेचे ठराव तिथे. नगरपालिकेचे ठराव दुर्लक्षित राहतात, पण मैदान भाड्याने कधी दिलं, भाडं किती, झाडं तोडायला परवानगी मिळाली का, हे सगळं तिथेच असतं. कूकाम्पसारखी जागा गावाच्या मालकीची, त्यामुळे क्लबचं दप्तर हरवलं तरी गावाचं सापडतं.

क्रीडापत्रांत 'नेदरलांडशे स्पोर्ट' १८८२ पासून आहे. यातल्या बातम्या बऱ्याचदा क्लबच्या चिटणिसानेच पाठवलेल्या असत. हरलेल्या सामन्यात पंच वाईट, वारा उलटा, तीन खेळाडू गैरहजर, हे ठरलेलं. म्हणून दोन्ही क्लबांच्या चिटणिसांचं म्हणणं मिळालं तरच सामना 'सापडला' म्हणायचं.

शेवटी विलीनीकरणं. दोन क्लब एक झाले की नवा क्लब जुन्यांपैकी थोरल्याची तारीख लावतो. ब्रेडाचा एनएसी १९१२ मध्ये नोआद आणि अडफेंडो यांच्या जोडणीतून झाला, नावातला शेवटचा सी त्या जोडणीचाच. प्रत्येक क्लबसाठी वंशावळ कागदावर काढा आणि प्रत्येक रेषेवर वर्ष लिहा. क्लबचं संकेतस्थळ ही वंशावळ क्वचितच पूर्ण देतं, त्यात हरलेली बाजू नसते.

---

नवा_गडी

अवांतर : हार्लेम-आम्स्टेलवेनकडे राहणाऱ्यांनी मुलांना अशा क्लबमध्ये घालायचं तर काय असतं?

---

शिट्टी

नवा_गडी, थोडक्यात, कारण यावर वेगळा धागा हवा. क्लब म्हणजे सभासदांची संघटना. फी भरली की संपलं असं नाही, पालकांकडून कँटीनची पाळी, गाडीतून मुलं नेणं, पंचगिरी अपेक्षित असते. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकाकडून चारित्र्याचा दाखला मागतात. जुन्या, मोठ्या क्लबांत प्रतीक्षायादी असते, त्यामुळे हंगाम संपायच्या आत नाव द्या.

सात वर्षांखालची मुलं ४ विरुद्ध ४ खेळतात, मैदान ३० × २० मीटर. आठ ते दहाखालची ६ विरुद्ध ६, मैदान ४२.५ × ३०. अकरा-बाराखालची ८ विरुद्ध ८, मैदान ६४ × ४२.५. तेराखालच्यांपासून पूर्ण अकरा. मापं बघा : सहाच्या मैदानाची लांबी म्हणजे आठच्या मैदानाची रुंदी. एका मोठ्या मैदानात आडवी-उभी छोटी मैदानं बसवता यावीत म्हणून ती तशी जुळवली आहेत. शनिवारी सकाळी हौशी क्लबच्या मैदानावर आठ गोल दिसतात त्याचं कारण हेच.

---

मोरपंखी

शेवटचं विचारते. एक जानेवारीचा सामना एचएफसीचाच ना?

---

डावा_हाफ

हो, याच एचएफसीचा. १९२३ पासून नववर्षाच्या दिवशी स्पान्यार्ड्सलानला क्लबचा पहिला संघ राष्ट्रीय संघाच्या माजी खेळाडूंशी खेळतो. निकालाला स्पर्धेचं मोल नाही, त्यामुळे गुणतक्त्यात हा सामना येत नाही. पण वर्षातला पहिला सामना म्हणून वर्तमानपत्रं त्याची बातमी देतात. कागदवाल्यांच्या पद्धतीने शोधणार असाल तर २ जानेवारीचे अंक उघडा आणि २ तारीख रविवारी आली असेल तर ३ तारखेचे. माजी खेळाडूंच्या संघाची यादी बहुतेक पूर्ण छापलेली मिळते. दहा-दहा वर्षांच्या अंतराने त्या याद्या काढल्या तर कोणती पिढी कधी निवृत्त झाली ते सरळ दिसतं.

१९२३ ते १९४० च्या याद्या कोणी काढणार असेल तर इथेच टाका. मी १९४६ पासून पुढे बघतो.